टेक्सासात ट्रक अपघातातल्या दुखापतीच्या भरपाईसाठी दावा लावायला 2 वर्षं असतात, पण...

वर एकांनी लिहिलंय की टेक्सासात दावा लावायला 2 वर्षं मिळतात, तेव्हा आधी उपचार पूर्ण करा, वकील नंतर बघा. उपचारांचं अगदी बरोबर, पण वकिलासाठी थांबू नका. ट्रक ड्रायव्हरच्या ड्युटीच्या तासांच्या नोंदी कंपनीला कायद्याने 6 महिनेच जपाव्या लागतात. सलग 10 तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवायची हा नियम मोडला का, ते मुख्यतः त्या नोंदींवरूनच कळतं. एकदा त्या पुसल्या की काय दाखवणार?

माझ्या दादाला टेक्सासातल्या वेकोजवळ आय-35 हायवेवर सेमी-ट्रकने (मोठ्या ट्रेलरवाल्या ट्रकने) मागून ठोकलं. दादा स्ट्रेचरवर असताना वहिनीने थरथरत्या हाताने ट्रकच्या दाराचा फोटो काढला. दार चिखलाने माखलेलं, पण यूएसडॉट नंबर (ट्रक कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक) वाचता येत होता. त्यावरून कंपनी सापडली आणि तिसऱ्या आठवड्यात वकिलाने नोंदी जपून ठेवण्याची नोटीस धाडली. ड्रायव्हर तेराव्या तासाला स्टिअरिंगवर होता, हे तेव्हाच उघड झालं. आणि हो, ट्रकवाल्याच्या विमा कंपनीचा फोन आला तर रेकॉर्डिंगवर काही बोलू नका. दादा गुंगीत "आय अ‍ॅम ओके" म्हणून गेला. मणक्याचं ऑपरेशन झाल्यावरही तेच वाक्य विमा कंपनीवाले पुढे करत राहिले.