प्रतिसाद: चाचणी आधी कोणाची?

वडील आणि आत्या दोघांनाही पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग, म्हणून तुम्ही स्वतःची जनुकीय चाचणी करायला निघाला आहात. थोडं थांबा. आधी वडिलांची करा. कुटुंबातला दोष नेमका कोणता हे माहीत नसताना तुमचा अहवाल 'निगेटिव्ह' आला तर त्यातून काहीच ठरत नाही, उलट खोटा दिलासा मिळतो.

सुरुवात वडिलांच्या जुन्या गाठीपासून होते. ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागा. नुसत्या काचपट्ट्या घेऊन येऊ नका. ब्लॉक उन्हात, गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. त्यावर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही चार प्रथिनं तपासतात. एखादं गायब असेल तर लिंच सिंड्रोमचा (आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) संशय, मग वडिलांच्या रक्ताची चाचणी. त्यात दोष सापडला की तुमच्यासाठी तेवढाच एक शोधायचा. तो असण्याची शक्यता 50 टक्के. अहवालात 'व्हीयूएस' आलं तर तो म्हणजे अर्थ न लागलेला बदल. त्यावरून शस्त्रक्रिया ठरवू देऊ नका.

संशोधनाला हातभार लावायचा तर संमतिपत्रात उरलेला नमुना अभ्यासाला देण्याचा रकाना असतो, तो वाचून भरा. अशा कुटुंबांनी नाव नोंदवलं म्हणूनच लिंचचा दोष असलेल्या 861 वाहकांवर अ‍ॅस्पिरिनचा अभ्यास होऊ शकला आणि आतड्याचा कर्करोग कमी होतो हे कळलं. (गोळी मनाने सुरू करू नका.) खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये आनुवंशिक कर्करोगाचं काम चालतं, तिथे तीन पिढ्यांची वंशावळ, प्रत्येकाच्या निदानाच्या वयासह, लिहूनच न्या.