फी कळते हो, बाकीचं कोण सांगतं? (खान्देशकरांचे शिक्षणाच्या खर्चाचे अनुभव)

आखाजी, अमळनेर

भाच्याचा सीईटीचा निकाल लागला आणि रविवारी सगळे आमच्याकडे जमले. शेवभाजी झाली, भाकरी चुरून झाल्या, मग पोराला पुण्याचं प्रायव्हेट कॉलेज की जळगावचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग यावर दीड तास चर्चा. कोणत्या ब्रँचला पॅकेज किती, कोणाच्या साडूचा पोरगा कुठे लागला, सगळं निघालं, पण घरात एकूण पैसे किती आहेत हे एकाही माणसाने तोंडातून काढलं नाही. ताई गप्प, दाजी मोबाईलमध्ये, आणि आबा नेहमीचंच बोलले, "पैसासनं मी देखसू, तू शिक."

२०११ ला माझ्या वेळीही हेच वाक्य होतं. पुण्याला गेले, फी भरली आणि घरी वाटलं झालं एकदाचं. मग रूमचं डिपॉझिट, कॉट बेसिसचं भाडं, मेस, ड्रॉइंगचं सामान, परीक्षेचा फॉर्म, दिवाळीचं तिकीट. मी फोनवर फक्त रक्कम सांगायचे आणि आठवड्यात पैसे यायचे. दुसऱ्या वर्षी पोळ्याला घरी आले तर गोठा रिकामा. पोळ्याच्या दिवशी हो! आई म्हणाली काकांकडे दिलीय जोडी कामाला. मीही मान हलवली, पण काकांकडे त्या वर्षी ट्रॅक्टर होता हे मला माहीत होतं.

म्हणून हा धागा. फीचे आकडे वेबसाईटवर असतात, ते नकोत. तुमच्या घरी पैसे कुठून आले, कधी आले, काय सोडावं लागलं आणि कुठे उगाच गेले ते लिहा. सल्ले पण चालतील पण आधी अनुभव.

झेरॉक्सवाला, पारोळा

मी डी.एड. वाला. दोन वर्षांत मास्तर म्हणून वडिलांनी कर्ज काढून ॲडमिशन घेतली, पावतीवर जेवढे होते त्याच्याहून जास्त दिले, असो. २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर वर्षानुवर्षं भरतीच नाही, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, मग टेट (भरतीसाठीची वेगळी परीक्षा) आली, तोवर माझे केस पिकले. आता झेरॉक्सचं दुकान आहे आणि जून ते ऑगस्ट पोरांचे फॉर्म भरतो. पैसे कुठे अडकतात ते या काउंटरवरून फार चांगलं दिसतं म्हणून थोडं लांबण लावतो, माफ करा.

पहिली गोष्ट, मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की फीची सवलत गेली समजा. ज्याला सगळे ईबीसी म्हणतात ती, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलं की निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं, ती कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीतून लागलेल्यालाच. मागच्या वर्षी एक जण कॅपमध्ये मनासारखी ब्रँच लागत नाही म्हणून त्याच कॉलेजात कोट्यातून घेऊन आला, पेढे पण आणले, आणि मग विचारतो काका स्कॉलरशिपचा फॉर्म भरा. मी पेढा हातात धरून बसलो.

दुसरी, मुलींचं. जुलै २०२४ च्या जीआरपासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, तेच ८ लाख, तेच कॅप. पण होस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी यात नाही, त्यामुळे "मुलीचं फुकट आहे ना" म्हणून बिनपैशाचे कोणी जाऊ नका.

तिसरी, आधार. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी स्कॉलरशिप पोर्टलचे, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही पासबुक कोणतंही दाखवा. पोरं कॉलेजच्या गावात नवीन खातं उघडतात, ते आधारला जोडलं जातं, जुनं सुटतं, आणि इकडे बाप महिनाभर जुन्या बँकेत चकरा मारतो. एकदा तर पैसे येऊन चार महिने झाले होते आणि खात्याचं एटीएम पोराने हरवलेलं. आणि फॉर्म दर वर्षी रिन्यू करावा लागतो, एकदा भरून होत नाही! उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, जातीची व्हॅलिडिटी हे निकालाच्या आधी काढून ठेवा. निकालानंतर सेतूवर जी गर्दी असते ती जत्रेत नसते.

केळीबाग, रावेर तालुका

झेरॉक्सवाले काका, पेढ्याचं वाचून हसलो आणि मग गप्प बसलो, कारण मीही त्यातलाच.

माझं कर्जाचं. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून साडेतीन लाखांचं एज्युकेशन लोन घेतलं, दर वर्षी चौथा हिस्सा सुटायचा. मॅनेजर म्हणाले शिक्षण संपून वर्षभर हप्ता नाही. आम्ही बापलेकांनी त्याचा अर्थ लावला की तोवर व्याज पण नाही. कोणी खोटं बोललं नाही, आम्ही विचारलंच नाही. साडेदहा टक्क्यांनी सरळ व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, हप्ता सुरू झाला तेव्हा साडेतीनचे पावणेपाचच्या वर झालेले. कागद हातात घेऊन वडील बँकेच्या पायरीवर बसले, मला वाटलं चक्कर आली, तर ते बोटांवर हिशोब करत होते.

पहिल्या वर्षी व्याज महिन्याला साडेसातशे-आठशेच होतं. तेवढं तेव्हाच भरत गेलो असतो तर बोजा चढला नसता, तेवढे तर मी चहा-नाश्त्यात घालवत होतो. आणि बागेचं असं की मे-जूनमध्ये वादळ आलं की कापणीला आलेली खोडं एका तासात आडवी. माझ्या तिसऱ्या वर्षी तेच झालं. हप्ता ठरलेला असतो, बाग ठरलेली नसते. आता पीएम विद्यालक्ष्मी आलीय, ८ लाखांच्या आतल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट, पण सगळ्या कॉलेजांना नाही, यादी बघून घ्या.

पांढरं सोनं, धरणगाव

आमचं २०२२-२३ चं. आदल्या सिझनला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता ना, म्हणून त्या वर्षी अख्ख्या गावाने कापूस घरात भरून ठेवला. आमच्याकडे पुढच्या खोलीत छतापर्यंत, अंगाला खाज सुटायची, लहान भाऊ ओट्यावर अभ्यास करायचा. माझी दुसऱ्या सेमिस्टरची फी बाकी. घरचे म्हणायचे थांब, भाव येईल. कॉलेज म्हणायचं थांबणार नाही, हॉल तिकीट अडकेल. शेवटी गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला सात हजारांच्या आसपास दिला, त्यातला पण अर्धाच, कारण बाकीच्यावर अजून आशा होती. ती आशा मेपर्यंत घरात होती.

माझं म्हणणं एवढंच की शेतकऱ्याच्या घरी पैसा नसतो असं नाही, फीच्या तारखेला नसतो. हप्ते पाडून मिळतात का हे ॲडमिशनच्या दिवशीच विचारा. मी लाजेने नाही विचारलं. नंतर कळलं वर्गातले निम्मे हप्त्यानेच भरत होते.

डबा, जळगाव

मी एरंडोलकडच्या खेड्यातली, बी.कॉम.ला जळगावला. रूमचे पैसे कसेबसे जमत होते, मेसचे २८०० नव्हते. म्हणून आई एसटीने डबा पाठवायची. तीन ताळी (तीन कप्प्यांचा) स्टीलचा डबा, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला, वर मार्करने माझं आडनाव आणि "जळगाव स्टँड". बाबा सकाळच्या गाडीला ड्रायव्हरच्या मागे ठेवायचे, मी पहिलं लेक्चर करून स्टँडवर. आख्खं स्टँड डब्याची वाट बघणाऱ्या पोरांनी भरलेलं असायचं, गाडी लागली की सगळे ड्रायव्हरच्या दाराशी. संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत.

गाडी बंद पडली की उपास. एकदा डबा उतरवायला कोणी पोचलंच नाही आणि तो दिवसभर फिरून घरी परत गेला, आईला वाटलं मला काहीतरी झालं.

महिन्यातून एक-दोनदा खालच्या ताळ्यात, ठेच्याच्या पुडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनशे रुपये निघायचे. बाबांना माहीत नसायचं. पहिल्यांदा ती पिशवी मी ठेच्याचीच समजून फेकणार होते. पुढे पुढे मी डबा उघडला की आधी खालचं ताळं बघायचे आणि ते बघितल्याची स्वतःचीच लाज वाटायची. आज मी नोकरीला आहे, पगाराच्या दिवशी आईला पैसे टाकते तर ती म्हणते, एवढे कशाला, दोनशे पुरे.

भुसावळ जंक्शन

वाचून डोळ्यात पाणी आलं डबाताई.

आमचं एवढं काही नाट्य नाही. वडील रेल्वेत, बारावीला बरे मार्क होते तरी आयटीआय फिटर केलं, मग अप्रेंटिस, महिन्याला स्टायपेंड. मित्र बी.एस्सी.ला गेले, मला चिडवायचे पाना-पकड म्हणून. बावीसाव्या वर्षी हातात पगार होता. पदवी नंतर मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता घेतली, प्रमोशनच्या फॉर्मला लागते म्हणून. खरं सांगू, फिजिक्स शिकायचं राहून गेलं याचं वाईट वाटतं. पण घरात तीन बहिणी होत्या.

उधना

अकरावीत बापाला पॅरालिसिस. शाळेचा दाखला काढला, भुसावळ-सुरत पॅसेंजर पकडली, साडीच्या मार्केटात घड्या घालायला लागलो. धाकटी बी.फार्म. झाली. माझं शिक्षण म्हणाल तर तेच.

सातपुडा, धडगाव

इथे सगळे कापूस-केळी लिहिताय, आमच्याकडे आमचूर असतो. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, खडकावर वाळवायच्या, सगळं मे महिन्यात, आणि पाऊस लवकर आला की आमचूर काळा पडतो, काळ्याला भाव कमी. माझ्या ॲडमिशनच्या वर्षी वळवाचा पाऊस आला. आईने पांढरा वेगळा, काळा वेगळा केला, व्यापाऱ्याने दोन्ही बघितले आणि आपल्याच मनाने भाव सांगितला.

मी आमच्या पाड्यातली पहिली मुलगी नंदुरबारला कॉलेजला जाणारी. आश्रमशाळेत जेवण-कपडे-वह्या सगळं मिळायचं त्यामुळे पैसे कसे लागतात हेच माहीत नव्हतं. कॉलेज सुरू झालं तरी वसतिगृहाची यादी लागली नव्हती. चार जणींनी खोली घेतली, शहाद्याहून येणारी एक जण स्टोव्ह घेऊन आली. स्कॉलरशिप मंजूर होती, सगळे सांगायचे मंजूर आहे, पण मंजूर पैशाने दुकानदार तांदूळ देत नाही. परीक्षा झाल्यावर आले. तोवर किराणावाल्या मावशींनी उधारीची वही चालू ठेवली, पानावर माझं नाव नाही, "धडगाव पोरी" असं लिहिलेलं.

ज्यांना सरकारी वसतिगृह मिळत नाही त्या आदिवासी मुलामुलींसाठी स्वयं योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. मला ती दुसऱ्या वर्षी कळली, तीही एसटीत शेजारी बसलेल्या मुलीकडून. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार आहे. दोन्ही ठिकाणी पहिले काही महिने आपल्यालाच काढावे लागतात, तेवढ्याची सोय बघूनच निघा.

एक आई, जळगाव

नाव लिहीत नाही. मुलगा नीटला दोनदा बसला. दुसऱ्या वेळी लातूरला क्लास, होस्टेल, टेस्ट सिरीज. सोन्याचं गाव आमचं, मोडायलाही तिथेच जायचं. मी माहेरची पोत घेऊन गेले, माझी आई मला घेऊन ज्या दुकानात आली होती त्याच दुकानात. त्यांनी घट धरली, तीही मुकाट सोसली. मिस्टरांना सांगितलं भिशी लागली.

मुलाचा नंबर लागला नाही. आता तो धुळ्याला ॲग्रीला आहे आणि खुश आहे, खरंच खुश आहे, मातीचे नमुने घेऊन येतो. मला राग पोत गेल्याचा नाही. दुसऱ्यांदा बसायचं तेव्हा त्याला मनातून नको होतं म्हणे, पण माझा चेहरा बघून हो म्हणाला. आणि मी त्याचा चेहरा बघून पोत मोडली. दोघंही एकमेकांचे चेहरे बघत बसलो आणि पैसे किती चाललेत ते दिसलंच नाही आम्हाला. त्याला अजून माहीत नाही. हा धागा तो वाचत नसावा.

झेरॉक्सवाला, पारोळा

वहिनी, सांगून टाका त्याला.

आखाजी, अमळनेर

सगळं वाचलं, काही दोनदा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यासारखं वाटलं, थोडं रडून थोडं हसून.

काल परत बसलो. मी पाठकोरा कागद घेतला आणि भाच्यालाच लिहायला लावलं, फी वेगळी, राहणं वेगळं, आणि स्कॉलरशिप येईपर्यंतचे महिने वेगळे. मग आबांना म्हटलं तुमचं सांगा. ते उठून आत गेले, मला वाटलं रागावले. तर दुधाच्या पिशवीत रबर लावून ठेवलेल्या कापसाच्या काटापावत्या घेऊन आले, तीन वर्षांच्या, आणि पोरापुढे ठेवल्या. पोरगा बेरीज करत गेला, सोसायटीचं कर्ज वजा केलं, बियाणं-खत वजा केलं आणि थांबला. म्हणाला, "आबा, एवढेच?" आबा म्हणाले, "येवढंच." आणि मग पुढे बराच वेळ कोणी काही बोललं नाही, पण मागच्या रविवारसारखं नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये त्याने स्वतः जळगावचं गव्हर्नमेंट एक नंबरला टाकलं. मी दोनदा सांगितलं की एक नंबरचं पहिल्याच फेरीत लागलं तर तेच घ्यावं लागतं, नंतर बदलता येत नाही. म्हणाला माहीत आहे मावशी. पुण्याची दोन खाली ठेवलीत, होस्टेलवाली. दाजींनी पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला.

यादी गुरुवारी आहे, कळवते. आबा सकाळपासून विचारताहेत, होस्टेलला खाट ते देतात की आपली न्यायची.