गोळी देऊन गर्द सोडवायची: ही व्यसनमुक्ती की अदलाबदल?

चौकस (धागाकर्ता)
ओळखीतल्या एकाने गर्द सोडली, त्याला बरेच महिने झाले. पण रोज जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ठेवतो. डॉक्टर म्हणतात, इतक्यात बंद करायची नाही. अहो, ब्युप्रेनॉर्फिन हेही ओपिऑइडच, म्हणजे गर्दसारखंच अफूच्या जातीचं ना? गोळी चुकली की कासावीस होतो. मग सुटलं काय? माझ्या मते शरीर कशावरच अवलंबून नसेल तरच मुक्ती म्हणावं. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

रामप्रहर
सहमत. दारू एकदम तोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो, तिथे औषध हवंच. गर्द सोडताना सहसा कोणी मरत नाही. चार दिवस कळ काढावी.

निशिगंध
रामप्रहर, सोडताना मरत नाहीत, सोडल्यावर मरतात. माझ्या धाकट्या भावाची गर्द आम्ही गोळीविनाच सोडवली होती. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा, रात्रभर पाय झाडत जागा. आठवडाभरात सगळं ओसरलं आणि आम्ही निर्धास्त झालो. सहनशक्ती उतरली होती, ओढ मात्र तशीच. पूर्वी पचायची तेवढीच मात्रा पुन्हा घेतली आणि श्वास मंदावला, ओठ निळे पडले. गर्दचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन वेळेत मिळालं म्हणून वाचला. तुरुंगातून किंवा उपचारकेंद्रातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे याचसाठी घातक असतात. आज तो गोळी घेतो आणि कामावर जातो. त्याला मुक्त म्हणायचं नसेल तर नका म्हणू.

चौकस
भाऊ वाचला हे वाचून बरं वाटलं. पण एका घरावरून नियम कसा काढायचा?

आकडेमोड
मग एक देश घ्या. फ्रान्समध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यापासून साधे डॉक्टरही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत अतिसेवनाचे मृत्यू झपाट्याने घटले. २००५ पासून ब्युप्रेनॉर्फिन आणि याच उपचारातलं दुसरं ओपिऑइड मेथाडोन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गर्दमधलं हेरॉइन झटकन चढतं, काही तासांत उतरतं, की माणूस पुन्हा शोधात. ही गोळी सावकाश चालते, आणि एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. (अवांतर: मेथाडोनला अशी मर्यादा नाही, ते फार जपून.)

रामप्रहर
फ्रान्सचं पुढचंही सांगा की! तिथेच लोक गोळ्या कुटून शिरेत टोचू लागले, झोपेच्या गोळ्यांबरोबर घेऊन मेलेही. शिवाय कंपन्यांना कायमचं गिऱ्हाईक. १९९६ साली आलेली ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक ओपिऑइड गोळीसुद्धा सवय लागण्याचा धोका कमी, असं सांगूनच खपवली होती.

आकडेमोड
टोचण्याचं खरं आहे. म्हणूनच नॅलोक्सोन मिसळलेली गोळी आली. जिभेखाली ते फारसं शोषलं जात नाही, टोचलं तर मात्र गर्दवाल्याला तिथल्या तिथे त्रास सुरू होतो. ऑक्सिकॉन्टिनची तुलना पटली नाही. ती वेदनेसाठी नव्या लोकांच्या हाती गेली, ही आधीच अडकलेल्यांना देतात.

चौकस
निशिगंध, एकच विचारतो. बंद कधी करणार?

निशिगंध
मध्यंतरी मात्रा कमी करून पाहिली. झोप उडाली, ओढ परत आली, डॉक्टरांनी थांबवलं. पुन्हा कधी, ते तो आणि डॉक्टर ठरवतील. मला घाई नाही. नॅलोक्सोन घरात असतं, कसं द्यायचं ते सगळ्यांना शिकवलंय.

रामप्रहर
त्याला माझाही विरोध नाही. पण गोळी वर्षानुवर्षं चालू शकते, हे सुरू करतानाच सांगितलं होतं का तुम्हाला?

निशिगंध
नाही. तेवढं मात्र तुमचं बरोबर आहे.