दुरबुकच्या पुढे बाईक नेता येते का? मदत हवी आहे

मंडळी, ऑगस्टमध्ये आम्ही तिघं लेहला निघतोय, बाईक पुणे स्टेशनवरून पार्सलने जम्मूला टाकणार. पँगाँग वगैरे सगळेच करतात हो, मला ओढ आहे ती लडाखमधल्या दुरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी (डीबीओ) रस्त्याची, २५५ किमी सरळ उत्तरेकडे, श्योक नदीच्या कडेकडेने, एलएसीला (चीनलगतच्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेला) जवळजवळ चिकटून, २०२० मध्ये जिथे चकमक झाली ते गलवान खोरंही त्याच वाटेवर. आता डीबीओच्या लष्करी ठाण्यापर्यंत कोणी सोडणार नाही हे कळतं, पण याच रस्त्यावर श्योक नदीवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या कर्नल चेवांग रिंचेन सेतूपर्यंत तरी जाता येतं का? परमिट लेहलाच मिळतं ना? एजंट भलतेच पैसे सांगतोय. अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको प्लीज.