नौकर, संबळ, सवलत : पत्रक मराठीत आणताना

खानापूर, शिक्षिका :
आमच्या तालुक्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचं कन्नड पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. विषय जुन्या पेन्शनचा. कर्नाटक सरकारच्या सेवेत १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेल्यांना एनपीएस, म्हणजे ठरावीक पेन्शनची हमी नसलेली नवी पेन्शन योजना, लागू झाली, त्यांतली मीही एक. दोन शब्दांवर अडले आहे. 'सरकारी नौकररू' याचं काय करू? 'सरकारी नोकर' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घरगडी येतो. दुसरा 'सौलभ्यगळू'. त्याला सगळे सर्रास 'सवलती' लिहितात, आणि मला तो शब्द बोचतो. का बोचतो ते नीट सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

निपाणी :
ताई, 'कर्मचारी' लिहा. कन्नडमध्ये 'नौकर' हा मानाचा शब्द आहे, राज्य संघटनेचं नावच मुळी 'कर्नाटक राज्य सरकारी नौकरर संघ' असं आहे. मराठीत 'नोकरी' आणि 'नोकरदार' यांची पत राहिली, 'नोकर' मात्र घसरला. तो आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत मंगोल भाषेतून. तिथं 'नोकोर' म्हणजे साथीदार, सरदाराच्या सोबत राहणारा माणूस. संघटनेच्या पत्रकाला खरं तर हा जुना अर्थ किती शोभला असता! पण वाचणारा आजचा आहे.

शहापूर, बेळगाव :
'संबळ' विसरू नका. माझे वडील बसवर कंडक्टर होते. घरात 'संबळ झाला' हे वाक्य महिन्याला एकदा ठरलेलं. कोल्हापूरच्या आत्याला ते पहिल्यांदा ऐकून संबळ हे वाद्यच आठवलं, कुणाकडे देवीचा गोंधळ आहे असं वाटलं होतं. कन्नडमधला संबळ म्हणजे पगार, आणि त्याची नाळ संस्कृतातल्या 'शंबल'शी, म्हणजे प्रवासाच्या शिदोरीशी आहे. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. पत्रकात 'वेतन' चालेल, पण सभेत बोलताना पगारच म्हणा, तो सगळ्यांना कळतो.

आणखी एक सांगतो. २०२१ च्या शेवटी महाराष्ट्रात एसटीचे कर्मचारी 'विलीनीकरण' मागत संपावर गेले. महामंडळ राज्य शासनात विलीन करा, अशी ती मागणी होती. आमच्या गल्लीत 'विलीनीकरण' म्हटलं की १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आठवतो. बातमी ऐकून शेजारच्या आजोबांनी "काय ठरलं?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजातली आशा मला अजून आठवते. त्यांना सांगताना जड गेलं. हा शब्द इथं वापरताना कशाचं विलीनीकरण ते आधी लिहावं लागतं.

बेळगाव, निवृत्त कारकून :
बाई, तुम्हाला जे बोचतं ते बरोबर बोचतं. 'सवलत' अरबी-फारसीतल्या 'सहूलत'वरून आली, अर्थ सोय, सुलभता. 'सौलभ्य' हा संस्कृत, अर्थ जवळजवळ तोच. मुळात दोन्ही निरुपद्रवी. पण मराठीत सवलत म्हणजे देणाऱ्यानं खुशीनं सोडलेली रक्कम झाली. दुकानदार सवलत देतो, बसभाड्यात सवलत मिळते. खुशीनं दिलेलं उद्या काढूनही घेता येतं. पेन्शनला सवलत म्हटलं की आपण आपल्याच तोंडानं ती काढून घेण्याची वाट मोकळी करतो.

सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर १९८२ ला डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, मालकाच्या मर्जीवरचं दान नव्हे. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. म्हणून १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर लोक पाळतात. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सेवापुस्तिका लिहिल्या. रजा, वेतनवाढ, खंड, सगळं शाईनं. तीस वर्षांच्या नोंदींखाली शेवटी जो आकडा येतो, त्याला सवलत म्हणताना माझा हात चालत नाही.

'लाभ' लिहा असं कुणी सुचवेल. पण 'लाभार्थी' हा शब्द सरकारी योजनांनी इतका रुळवलाय की लाभ म्हटला की रांग आणि फोटो आठवतो. मी 'हक्काची देणी' सुचवेन. देणं म्हटलं की घेणारा याचक राहत नाही, देणारा ऋणको होतो. 'उपदान' मात्र टाळा. ग्रॅच्युइटीसाठी तो सरकारी शब्द दोन्ही भाषांत आहे, पण त्यात 'दान' बसलंय. ग्रॅच्युइटीच लिहा.

निपाणी :
काका, 'हक्कांना हरताळ फासला' हे चालेल ना? संपाचा हरताळ आणि हा एकच का?

बेळगाव, निवृत्त कारकून :
एक नव्हे. संपाचा हरताळ म्हणजे हाटाला, बाजाराला ताळा, टाळं. फासायचा हरताळ हे पिवळं खनिज, संस्कृतात हरिताल. पोथीत चूक झाली की त्याचा लेप देऊन अक्षर झाकत. म्हणून हक्कांना फासला हे अगदी चपखल आहे, लिहिलेलं पुसलं असा अर्थ होतो. मात्र त्याच परिच्छेदात 'हरताळ पाळा' असं लिहू नका, वाचणारा गोंधळेल.

खानापूर, शिक्षिका :
मग बंदसाठी 'संप'च घेते. आमच्याकडे बोलताना संपाला कन्नड 'मुष्कर' जास्त. १ मार्च २०२३ ला सकाळी शाळेत सगळे "आज मुष्कर हाय" म्हणत होते. सतरा टक्के अंतरिम वाढ जाहीर झाली आणि त्याच दिवशी तो मागे घेतला गेला. पेन्शनचा प्रश्न समितीकडे गेला. पंधरवड्याच्या आत, १४ मार्चला, महाराष्ट्रात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संप सुरू झाला. दोन राज्यं, दोन शब्द, मागणी तीच.

शहापूर, बेळगाव :
संपच घ्या. गुजरातीत 'संप' म्हणजे एकी. 'संप त्यां जंप' अशी त्यांची म्हण आहे, एकी तिथं शांतता. मराठीत काम संपलं म्हणून संप, असं काहीजण सांगतात, ते खरं नाही. आधी एकी, आणि मग एकीनं काम थांबवणं.

खानापूर, शिक्षिका :
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला परिच्छेद असा केला आहे : "आम्ही कर्नाटक शासनाचे कर्मचारी. १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेल्यांच्या पेन्शनच्या हक्काला हरताळ फासला गेला आहे. आम्ही सवलत मागत नाही. केलेल्या सेवेची देणी मागतो." 'मागतो' की 'मागत आहोत', एवढं काका सांगा, उद्या दुपारी छापखान्यात द्यायचं आहे.

बेळगाव, निवृत्त कारकून :
'मागतो'. आणि 'कर्मचारी'च्या आधी 'मराठी' घालू नका. कन्नड सहकाऱ्यांचंही २००६ च आहे.