अश्वगंधेच्या पेशी जोमाने वाढतात, पण विथानोलाइड जेमतेम

प्रश्न (अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती)
नमस्कार. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अश्वगंधेच्या पानांपासून कॅलस (अविशेषित पेशींचा गोळा) घेऊन एमएस माध्यमात (मुराशिगे-स्कूग हे नेहमीचे पोषक द्रावण), २,४-डी हे वाढ-संप्रेरक देऊन, द्रव संवर्धन सुरू केले आहे. पेशी मऊ, फिकट पिवळ्या असून वाढही चांगली आहे. परंतु एचपीएलसीवर (संयुगे वेगळी करून मोजणारे यंत्र) विथानोलाइड, म्हणजे अश्वगंधेतील औषधी संयुगे, जेमतेम दिसतात. अशी संयुगे वाढवण्यासाठी वापरले जाणारे मिथाइल जस्मोनेट हे वनस्पती-संप्रेरक केव्हा व किती द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (अकोला)
जस्मोनेटआधी २,४-डीकडे पाहावे, कारण ते पेशींना विभाजनातच गुंतवून ठेवते आणि बहुतेक वेळा दुय्यम संयुगे (वाढीसाठी थेट न लागणारी, विथानोलाइडसारखी संयुगे) दाबते. जपानमध्ये शिकोनिन या वनस्पतिजन्य लाल रंगद्रव्याचे पेशी-संवर्धनातून व्यापारी उत्पादन १९८३च्या सुमारास सुरू झाले, तेही पेशी एका माध्यमात वाढवून, मग दुसऱ्या माध्यमात हलवूनच. जस्मोनेट वाढीचा वेग मंदावू लागताना द्यावे. ५० ते २०० मायक्रोमोलर या पल्ल्यात चाचणी घ्यावी, कारण मात्रा जास्त झाली की पेशी तपकिरी पडतात. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून अल्कोहोलमध्ये विरघळवून, निर्जंतुक करण्यासाठी सूक्ष्म गाळणीतून गाळून घ्यावे आणि तुलनेसाठी एका फ्लास्कला नुसते अल्कोहोल द्यावे. ते हवेतही पसरते, तेव्हा तुलनेचे फ्लास्क त्याच शेकरवर (फ्लास्क सतत हलवणारे यंत्र) ठेवू नयेत. ही गोष्ट बरेच जण विसरतात.

उत्तर (वर्धा)
वरील सूचना योग्यच आहेत. तरी माझ्या मते अडचण मात्रेची कमी आणि पेशींच्या अवस्थेची जास्त आहे. सदाफुलीतील व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध दोन भागांचे बनते. सुट्या पेशी त्यातला कॅथरँथिन हा भाग देतात, पण दुसरा अर्धा भाग असलेले व्हिंडोलिन पानांतील विशिष्ट पेशींतच पूर्ण होते, त्यामुळे कितीही जस्मोनेट ओतले तरी व्हिनब्लास्टिन हाती लागत नाही. अश्वगंधेत विथानोलाइड-ए (विथानोलाइडांपैकी एक) मुख्यतः मुळांत साठते. त्यामुळे ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजीन्स या जिवाणूने केसाळ मुळे (जिवाणूच्या संसर्गातून फुटणारी बारीक मुळे) उत्पन्न करून पाहावीत. ती संप्रेरकाशिवाय वाढतात आणि रासायनिक दृष्ट्या सुट्या पेशींपेक्षा स्थिर राहतात.

प्रश्नकर्ते
आभारी आहे. मुळांचा प्रयोग करून पाहतो. भारनियमनात शेकर बंद पडतो, त्याचा परिणाम होत असेल का?

उत्तर (अकोला)
निश्चितच. शेकर थांबला की पेशी तळाशी बसतात आणि त्यांना ऑक्सिजन कमी पडतो. त्यात आपल्याकडचा मे महिना, खोली २५ अंशांवर राहणेही कठीण. इन्व्हर्टरवर निदान शेकर तरी ठेवावा. आणि उत्पादन प्रतिग्रॅम न मोजता प्रतिलिटर मोजावे, कारण जस्मोनेटने पेशींतील संयुगाचे प्रमाण वाढते तेव्हा पेशींचे वजन बहुधा घटते. गाळून उरलेले माध्यमही तपासावे, थोडे संयुग त्यातही उतरलेले असते.