चित्रकाराने क्युरेटर व्हावं का? जितीश कल्लाट यांच्या निमित्ताने (रेघोटी, खडूपेटी आणि तळटीप या टोपणनावांनी झालेली चर्चा)

रेघोटी:
1996 साली मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून बाहेर पडलेले चित्रकार कल्लाट 2014 च्या कोची बिएनालेचे (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) क्युरेटर, म्हणजे कलाकृती निवडून त्यांची मांडणी ठरवणारे, झाले. 30 देशांतले 94 कलाकार! हे काम नुसतं निवडीचं नसतं. प्रत्येक उसन्या कलाकृतीचा करार, विमा, सीमाशुल्क, पेटी उघडताना कुठे ओरखडा आहे त्याची फोटोसकट नोंद. त्यात समुद्राकाठच्या जुन्या गोदामांत कागद दमटपणाने लहरतो, प्रोजेक्टरच्या लेन्सवर बुरशी धरते. चित्रकाराची ऐन भरातली वर्षं यात जाऊ नयेत.

खडूपेटी:
अजिबात पटलं नाही. कल्लाटांचं स्वतःचं कामच मांडणीचं आहे. 2003 चं ‘पब्लिक नोटिस’ घ्या. नेहरूंचं मध्यरात्रीचं भाषण रबराच्या गोंदाने ॲक्रिलिकच्या आरशांवर लिहिलं आणि ती अक्षरं पेटवली. ॲक्रिलिक आचेने वाकतं, त्यामुळे जळक्या अक्षरांमागे वाचणाऱ्याचा चेहराही वेडावाकडा होतो. मजकूर उसना; तो कशावर आणि कुठे ठेवायचा, हे सगळं त्यांचं. 2010 मध्ये शिकागोत विवेकानंदांचं 1893 चं भाषण जिन्याच्या 118 पायऱ्यांवर उजळलं, तेही दहशतवादी धोक्याच्या अमेरिकी इशाऱ्यांच्या पाच रंगांत. इमारत तीच, जिथे ती धर्मपरिषद भरली होती. ही नजर क्युरेटरचीच.

रेघोटी:
माझी तक्रार नेमकी तीच आहे. थोरांचं भाषण घेतलं की वजन आयतं मिळतं. गांधीजींच्या दांडीयात्रेआधीच्या भाषणाची हाडांच्या आकाराची फायबरग्लासची 4,479 अक्षरं बघताना माणूस आधी वाचायला लागतो, बघणं मागे पडतं. क्युरेटरगिरीने ही सवय वाढते.

खडूपेटी:
मग बिएनालेनंतरची ‘विंड स्टडी’ मालिका बघा, तिथे एकही शब्द नाही. काढलेल्या रेषेवर ज्वालाग्राही गोंद, तो उघड्यावर पेटवायचा, वारा जिकडे नेईल तिकडे काजळी उमटते. पद्धत 2003 चीच, भाषण गळून पडलं. सवय वाढली म्हणता, ती कुठे दिसते इथे?

तळटीप:
2022 चं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं प्रदर्शन विसरू नका. 2 जून 1947, सोमवार, गांधीजींचं मौन. त्यांनी माउंटबॅटनना जुन्या, वापरून झालेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून उत्तरं दिली. त्या पाच लिफाफ्यांभोवती कल्लाटांनी इतरांची कामं मांडली. अशा कागदावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड चालत नाही, म्हणजे शेजारच्या कामांचा प्रकाशही लिफाफ्यांच्या बेताने ठरवावा लागतो. हा हिशेब चित्रकाराच्या डोळ्याला चांगला जमतो.

रेघोटी:
‘विंड स्टडी’ मान्य. पण कोचीच्या वेळी कल्लाट चाळिशीत होते, नेहरू, गांधी आणि विवेकानंदांच्या भाषणांवरच्या तिन्ही ‘पब्लिक नोटिस’ हातावेगळ्या झालेल्या. जेजेतून आजच बाहेर पडलेल्यांनी हा क्रम उलटा करू नये, एवढं मी धरून आहे.